लम्पीचा हिशेब: गावातल्या 100 पैकी किती जनावरांना लस हवी?



2022 च्या पावसाळ्यात लम्पी राज्यभर पसरला. बैलबाजार बंद पडले, दूध घटलं, वासरं दगावली. माश्यांचे दिवस आले की धोका पुन्हा वाढतो. म्हणून आज रोग कसा पसरतो याचा साधा हिशेब पाहू.

*1) एकाचे किती?*
लम्पी चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो. समजा, आपल्या गावात एक आजारी गाय बरी होईपर्यंत 4 जनावरांना रोग देते. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे. माश्या, गोठ्यांची दाटी, बाजारातली ये-जा यांप्रमाणे तो बदलतो.)
मग 1 चे 4, 4 चे 16, 16 चे 64. तीन फेऱ्यांत 85 जनावरं आजारी.

*2) लसीने काय होतं?*
गावातल्या निम्म्या जनावरांत प्रतिकारशक्ती असेल तर 4 पैकी 2 वाचतात. तरी 1 चे 2, 2 चे 4 होतच राहतात. साथ हळू चालते, पण थांबत नाही.
100 पैकी 75 सुरक्षित असतील तर एकापासून एकालाच रोग जातो. 75 च्या वर गेलो की साथ आपोआप विझत जाते.

*3) इथे गफलत होते* ⚠️
लस *टोचलेली* जनावरं आणि *सुरक्षित* जनावरं हे दोन आकडे वेगळे. समजा, लस 100 पैकी 80 जनावरांत नीट लागू पडते. गावात 80 जनावरांना टोचली, तर सुरक्षित झाली फक्त 64. म्हणजे 75 ला कमीच. 95 टोचली तर 76. म्हणून "शेजाऱ्याने दिली आहे, मी नाही दिली तरी चालेल" हे चालत नाही.

*4) माश्या कमी तर काम सोपं*
गोठा स्वच्छ ठेवून माश्या-गोचीड आटोक्यात आणले आणि आजारी जनावर लगेच वेगळं बांधलं, तर समजा 4 चा आकडा 2 वर आला. आता 50 च्या वर सुरक्षित जनावरं पुरतात. वरची 64 सुद्धा साथ थांबवतात! एकट्या लसीने जे जमत नव्हतं, ते लस आणि स्वच्छता मिळून जमतं.

*आपण काय करायचं?*
✅ लस साथ येण्याआधी द्या. प्रतिकारशक्ती तयार व्हायला सुमारे 3 आठवडे लागतात.
✅ आजारी जनावराला लस टोचू नका. प्रत्येक जनावराला नवी सुई वापरायला सांगा.
✅ ताप, अंगावर गाठी, डोळ्या-नाकातून पाणी दिसलं की त्याच दिवशी वेगळं बांधा. चारा-पाणीही वेगळं.
✅ विकत आणलेलं जनावर 28 दिवस वेगळं ठेवा. रोग अंगात असूनही लक्षणं उशिरा दिसू शकतात.
✅ शेण-मूत्र साचू देऊ नका. फवारणी पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच करा.
❌ आजारी जनावर बाजारात नेऊ नका, चरायला सोडू नका.

*लपवू नका.* रोग कळला की सरकारी दवाखान्याकडून भोवतालच्या 5 किमी परिसरातल्या निरोगी जनावरांना लस दिली जाते. खबर एक फेरी उशिरा गेली तर वरच्या हिशेबात 4 ची जागा 16 घेतात. खबर देणं कायद्यानेही बंधनकारक आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा 1962 ला फोन करा.

लम्पी माणसांना होत नाही, त्यामुळे घाबरू नका. दूध नेहमीप्रमाणे उकळून घ्या.

गटप्रमुखांनी आपापल्या वस्तीतली लस *न दिलेली* जनावरं मोजून यादी कंपनीकडे द्यावी. आपल्या गावाचा आकडा 64 आहे की 76, हे त्यावरूनच कळेल.

– पशुधन सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी 🐄