घरच्या गच्चीवर चांदी वितळवायची? आधी हा भाग ऐका, नाहीतर वाचा

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

गेल्या दिवाळीपासून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी विचारलाय: "घरात आजीचे चांदीचे रुपये आहेत, भाव चढलाय, ऑनलाइन छोटी इलेक्ट्रिक भट्टी मिळते, मग घरीच वितळवून लगड केली तर काय बिघडलं?"

प्रश्न मलाच का? कारण मी खामगावचा. आमच्या गावाला रजतनगरी म्हणतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या या कापसाच्या बाजारपेठेचं नाव शुद्ध चांदीसाठी लांबलांबपर्यंत घेतलं जातं. खामगावचा माणूस म्हटला की त्याला चांदीतलं कळत असणार, असं लोकांना वाटतं. खरं सांगतो, मी बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. पण आमच्या घरात हा प्रयोग झालाय. त्यामुळे आज थोडं सविस्तर बोलतो.

काय झालं होतं

२०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पार गेली. माझ्या चुलतभावाने आजीच्या डब्यातली सहा नाणी घेतली, गच्चीवर भट्टी मांडली आणि व्हिडिओ बघत बघत चांदी वितळवली. वितळेपर्यंत सगळं छान. मग त्याने ती लोखंडी साच्यात ओतली. साचा सकाळीच नळाखाली धुतला होता, फडक्याने पुसलाही होता. पण गंजलेल्या कोपऱ्यात ओल राहिली होती.

फट्‌ असा आवाज झाला आणि चांदीचे थेंब चहूकडे उडाले. पायात चप्पल होती, बूट नव्हते. पावलावर दोन ठिकाणी खोल भाजलं. डोळे वाचले ते नंबरच्या चष्म्यामुळे. त्या चष्म्याच्या काचेत रुतलेला चांदीचा बारीक दाणा आजीने अजून जपून ठेवलाय.

गावातल्या एका जुन्या कारागिराला हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "चांदी पान्यावानी दिसते बापा, पन पानी नोय."

स्फोट का होतो

चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. पाण्याचा एक थेंब वाफ झाला की साधारण १,६०० पट जागा मागतो. तो थेंब वितळलेल्या धातूच्या खाली सापडला तर वाफेला वर यायला धातू उडवल्याशिवाय वाट नसते. म्हणून कारागीर साचा आधी चांगला तापवून घेतात, मूसही आधी गरम करतात. नुसतं पुसून भागत नाही.

हीच गोष्ट जमिनीची. सिमेंटच्या स्लॅबमध्ये ओल असतेच. त्यावर गरम धातू सांडला तर सिमेंटचे टवके उडतात. आणि "खबरदारी म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवतो" असं जे म्हणतात, त्यांना माझं सांगणं: वितळलेल्या धातूवर पाणी कधीच टाकायचं नाही. काम करायची जागा कोरड्या वाळूवरच असते.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली, धोकाच. वितळलेली शुद्ध चांदी हवेतला ऑक्सिजन भरपूर शोषून घेते, स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीस पट. थिजताना तो वायू बाहेर पडतो आणि चांदी थुंकल्यासारखी उडते. म्हणजे ओतून झालं, आता वाकून बघू, असं म्हणायची वेळसुद्धा सुरक्षित नाही.

न दिसणारा धोका: धूर

आता नाण्यांकडे येऊ. ब्रिटिश काळातला रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा. त्यात जवळपास ९१.७ टक्के चांदी असे, बाकी तांबं. पण दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपया बदलला: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदी शून्य. तो लोहचुंबकाला चिकटतो.

जस्त ९०७ अंशाला उकळतं. म्हणजे चांदी वितळायच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर निघू शकतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं. लोकांना वाटतं व्हायरल आहे.

याहून वाईट म्हणजे कॅडमियम. जुन्या हारातल्या नाण्यांना कड्या जोडलेल्या असतात. त्या जोडात कॅडमियम असू शकतं. त्याचा धूर त्या क्षणी फारसा त्रास देत नाही, पण पुढच्या एक-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरून जीव जाऊ शकतो. तोंडाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही.

कोणी म्हणेल, मग तेजाबाने शुद्ध करू. नायट्रिक अॅसिडमध्ये चांदी टाकली की तपकिरी वायू निघतो. तोही असाच दगाबाज. संध्याकाळी बरं वाटतं आणि रात्री श्वास लागतो. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला तर वासही नाही.

हिशेबही जुळत नाही

आमच्या सहा नाण्यांचा हिशेब सांगतो. दोन राणीच्या छापाचे, चार १९४२ ते ४४ मधले. एकूण वजन ७० ग्रॅम, त्यात चांदी साधारण ४५ ग्रॅम. म्हणजे लगड झाली ६४ टक्क्यांची. वेगवेगळी ठेवली असती तर दोन नाणी ९१.७ ची म्हणून सरळ विकली गेली असती. आता घेणारा म्हणतो, आधी गाळून बघू, मग घट धरू.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हे बॅकअप न घेता डेटाबेस डिलीट करण्यासारखं आहे. नाण्यावरचं साल आणि छाप हीच त्याची ओळख. काही सालांची नाणी संग्राहक चांदीच्या भावापेक्षा कितीतरी जास्त देऊन घेतात. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून सरकारने ती नाणी मागे घेऊन वितळवली. त्यातून जी वाचली, त्यांनाच आज किंमत आहे.

कायद्याचंही थोडं. चलनातलं नाणं वितळवणं २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे. आणि शेतात किंवा जुन्या भिंतीत नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मग करायचं काय

सोपं आहे. नाणी सालाप्रमाणे वेगळी करा, लोहचुंबक लावून बघा. घासू नका, चकाकीच्या नादात किंमत जाते. दोन-तीन ठिकाणी विचारा. आता बऱ्याच सराफांकडे नाणं न कापता, न वितळवता धातूचं प्रमाण दाखवणारं एक्स-रे मशीन असतं. वितळवायचंच ठरलं तर गलाईवाल्याकडे जा. समोर वजन करून द्या, आणि वितळल्यावर पुन्हा समोरच वजन करून घ्या. गलाईची मजुरी दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाही.

आणि कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. चिकटलेला धातू ओढून काढू नका. १०८ ला फोन करा. धूर छातीत गेला असेल तर "आता बरं वाटतंय" यावर विश्वास न ठेवता दवाखान्यात जा, आणि कशाचा धूर होता ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

भावाचा पाय बरा झाला, डाग राहिला. आजीला मात्र पाय बरा झाल्यावरही नाण्यांचं वाईट वाटत होतं. त्यातला एक राणीछाप तिच्या आईने तिला लग्नात हातावर ठेवला होता. कोणता, ते आता त्या लगडीत कुणालाच सांगता येणार नाही. तेवढं एकदा तिला आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्या घरात अशी नाणी असतील तर साल बघून मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.