थर्मोसायफन शीतन आणि 'मॉडेल टी'चे तापणारे एंजिन

फोर्ड कंपनीने 1908 ते 1927 या काळात सुमारे दीड कोटी 'मॉडेल टी' मोटारी बांधल्या. त्यांपैकी ज्या आजही हौसेने चालविल्या जातात, त्यांच्याविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. चढावर अथवा उन्हात एंजिन तापते व रेडिएटरमधील पाणी उकळू लागते. पाण्याचा पंप बसवावा, असा सल्ला यावर बहुधा दिला जातो. तो कितपत ग्राह्य आहे हे ठरविण्यापूर्वी या एंजिनातील पाणी मुळात कशामुळे फिरते, ते पाहणे अगत्याचे आहे.

आरंभीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना पंप होता. त्यानंतर तो काढून टाकण्यात आला व थर्मोसायफन पद्धती स्वीकारण्यात आली. सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, उभ्या नळ्यांतून निवत खाली उतरते आणि खालच्या नळीने पुन्हा एंजिनात शिरते. या अभिसरणामागील प्रेरणा किती अल्प आहे, हे गणिताने सहज कळते. 90 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता प्रतिघनमीटर सुमारे 965 किलोग्रॅम, तर 70 अंशांना सुमारे 978 किलोग्रॅम असते. उष्ण व थंड स्तंभांची परिणामी उंची 40 सेंटिमीटर मानली, तर दोहोंच्या दाबांतील फरक पाण्याच्या अवघ्या 5 मिलिमीटर उंचीइतका भरतो. एवढ्याशा दाबावर सगळा कारभार चालावयाचा, म्हणजे मार्गात अडथळा असून भागणार नाही. गंज, क्षार व ओतीव पोकळीत साचलेला गाळ यांनी मार्ग अरुंद झाला की प्रवाह मंदावतो. शिवाय क्षाराचा थर उष्णतेचा दुर्वाहक असल्याने दुहेरी हानी होते. जुन्या रेडिएटरमध्ये आणखी एक दोष बाहेरून दिसत नाही. नळ्या व त्यांवरील पातळ पत्रे यांना जोडणारा डाख कालांतराने सुटतो. पत्रे जागच्या जागी दिसतात, पण नळीची उष्णता त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. असा रेडिएटर कितीही धुतला तरी सुधारत नाही. त्याचा गाभाच बदलावा लागतो.

पाण्याची पातळी हा या पद्धतीतील सर्वांत नाजूक मुद्दा होय. वरच्या नळीचे मुख पाण्याबाहेर उघडे पडले की वर्तुळ तुटते आणि अभिसरण थांबते. मग खाली पाणी भरपूर असूनही एंजिन उकळते. उलटपक्षी, रेडिएटर काठोकाठ भरण्यातही अर्थ नाही. 20 अंशांपासून 95 अंशांपर्यंत तापताना पाणी जवळजवळ पावणेचार टक्के प्रसरण पावते, आणि तेवढे पाणी निकासनळीने बाहेर पडणारच. ते पाहून गळतीची शंका घेणारे व दररोज नवे पाणी ओतणारे मालक नकळत दररोज नवे क्षारही ओतत असतात. यासाठी ऊर्ध्वपातित पाणी वापरणे उत्तम.

तथापि सर्व दोष रेडिएटरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. या गाडीत ठिणगीची वेळ चालक सुकाणूच्या डाव्या बाजूच्या दांडीने स्वतः ठरवितो. एंजिन सुरू करताना मागे ठेवलेली ठिणगी पुढे आणण्यास तो विसरला, तर इंधनाचे ज्वलन लांबते. कामात रूपांतरित व्हावयाची उष्णता तप्त वायूंबरोबर राहते व निष्कास-मार्गाच्या भिंतींतून पाण्यात उतरते. इंधनाचे प्रमाण फार कमी असलेले मिश्रणही सावकाश जळते व तोच परिणाम घडविते. पंख्याचा सैल पट्टा तर साध्या डोळ्यांनीही दिसतो, पण तिकडे लक्ष शेवटी जाते.

आता पंपाकडे वळता येईल. पंपाने प्रवाह वाढतो, यात संशय नाही. परंतु डाख सुटलेल्या पत्र्यांकडे उष्णता नेणे किंवा उशिराची ठिणगी वेळेवर आणणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पंपामुळे तक्रार काही काळ दबते व मूळ दोष वाढत राहतो. भरीस पंपाच्या दांड्यापाशी गळतीची नवी जागा निर्माण होते. म्हणून पंपाचा विचार रेडिएटर, पोकळी, ठिणगी व मिश्रण यांची तपासणी झाल्यानंतरच करणे इष्ट. ही तपासणी पुरी झाल्यावर बहुतेक गाड्यांत त्याची गरज उरत नाही.

उंच प्रदेशात मात्र निर्दोष एंजिनही उकळू शकते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवीत नसल्याने उत्कलनबिंदू बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो. सुमारे 1,600 मीटर उंचीवरील डेन्व्हर येथे पाणी जवळजवळ 95 अंशांनाच उकळते. अशा वेळी गाडी थांबवून एंजिन आपोआप निवू द्यावे. तापलेल्या ओतीव लोखंडावर एकदम थंड पाणी ओतल्यास ठोकळ्यास तडा जातो, आणि तशा मूळ ठोकळ्याची दुरुस्ती क्वचितच समाधानकारक होते.