किनाऱ्यावरचे डांबर कोणत्या जहाजाचे?

पावसाळ्यात सुरतेहून तिथल, नारगोल किंवा उमरगावच्या किनाऱ्यावर फिरायला गेलेली मुले पुष्कळदा तळव्यांना काळे डांबर लावून घरी येतात. मुलांचे पाय पुसता येतात. पण हेच डांबर मच्छीमाराच्या जाळ्याला लागले, तर जाळे खराब होते आणि त्यातली मासळीही विकता येत नाही. अशा वेळी समोर दिसणाऱ्या एखाद्या जहाजाकडे बोट दाखवून "त्यानेच केले" असे म्हणण्याचा मोह होतो. पण भरपाई मागायची तर पुरावा लागतो. तो कसा मिळवतात, हे आज पाहू.

हे गोळे बनतात कसे?

समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचा हलका भाग उन्हावाऱ्याने उडून जातो. उरलेला जड भाग लाटांत पाण्याबरोबर घुसळला जाऊन घट्ट होतो व त्याचे चिकट गोळे बनतात. नैऋत्येचा वारा सुटला की ते आपल्या किनाऱ्याला लागतात.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली व शेकडो टन तेल समुद्रात गेले. तेथे दोषी शोधावा लागला नाही, जहाजे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. कठीण प्रश्न असतो तो रात्री तेलकट पाणी सोडून पुढे निघून जाणाऱ्या जहाजाचा. इंजिनघराच्या तळाशी साचणारे पाणी यंत्रातून गाळावे, आणि त्यात दहा लाख भागांस १५ भागांहून अधिक तेल नसेल तरच ते समुद्रात सोडावे, असा 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. खर्च व खटपट वाचवण्यासाठी काही जण तो मोडतात.

तेलाचा ठसा

माणसाच्या अंगठ्याचा जसा ठसा, तसा तेलाचाही असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या सूक्ष्म जीवांपासून तेल बनले. कोणते जीव, किती खोली, किती उष्णता, यांवर त्यातील घटकांचे प्रमाण ठरते, म्हणून एका क्षेत्राचे तेल दुसऱ्यासारखे नसते. जहाजांचे इंधन तर निरनिराळ्या तेलांचे मिश्रण असते. प्रयोगशाळेत यंत्राने हे घटक वेगळे करून त्यांचा आलेख काढतात. काही घटक ऊनपाण्यात लवकर नष्ट होतात. पण काही चिवट घटक दीर्घकाळ टिकतात. गोळ्यातील या घटकांचे प्रमाण संशयित जहाजाच्या टाकीतील तेलाशी ताडून पाहतात. जहाजात इंधन भरताना घेतलेला नमुना निदान १२ महिने जपून ठेवावा लागतो, तो येथे उपयोगी पडतो.

आपल्याच किनाऱ्याचे उदाहरण घ्या. १५ ते १७ जुलै २०१२ या दिवसांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथल, मरोली, उमरगाव व नारगोल येथून डांबराचे १२ नमुने गोळा केले. ताडून पाहण्यासाठी 'चित्रा' जहाजाचे, केर्न व निको या कंपन्यांचे आणि मुंबई हायचे तेल घेतले. ठसा जुळला तो मुंबई हायच्या तेलाशी. वारा व प्रवाह यांचे गणित मांडले तेव्हा तेही मुंबई हायच्या उत्तर क्षेत्राकडेच गेले. २०१४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांपूर्वीच्या अपघातामुळे 'चित्रा'वर संशय घेणे सोपे होते. तपासात मात्र ते गोळे तिचे नाहीत असे दिसले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ठशावरून तेल कोठले ते कळते, ते कोणाच्या हातून व कसे सांडले, हे पुढे वेगळे शोधावे लागते.

माग काढण्याची इतर साधने

पहिले साधन उपग्रहावरील रडार. तेलाच्या थराखाली पाण्यावरच्या बारीक लहरी दबतात, म्हणून तो भाग चित्रात काळा दिसतो. हे रडार रात्री व ढगांतूनही पाहते. मात्र वारा पडला असता शांत पाणीही तसेच काळे दिसते, म्हणून केवळ चित्रावर निकाल देता येत नाही.

दुसरे साधन उलटे गणित. तवंग प्रवाहाबरोबर वाहतो व वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतो. त्यावरून तो काल-परवा कोठे होता हे काढतात. मोठ्या जहाजांवर आपले नाव व ठिकाण सतत कळवणारे यंत्र असते. त्या वेळी तेथून कोण गेले, ते त्याच्या नोंदींत सापडते.

तिसरे साधन जहाजावरील तेलाची नोंदवही आणि माणसाची साक्ष. २०१३ साली 'कॅरिबियन प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावर नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने तेलकट पाणी चोरून सोडणारी नळी पाहिली. त्याने नोकरी सोडली व इंग्लंडमध्ये अधिकाऱ्यांना कळवले. पुढे २०१६ साली प्रिन्सेस क्रूझ कंपनीने गुन्हा कबूल करून ४ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

आपण काय करावे?

१. डांबर दिसताच तारीख, वेळ, जागा व वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. फोटो काढावेत.

२. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन ठिकाणचे गोळे वेगवेगळे भरावेत. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये, तिचे अंश नमुन्यात मिसळतात. बाटलीवर चिठ्ठी लावून ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी.

३. मामलतदार, सागरी पोलीस ठाणे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून पंचनामा मागावा व नमुना त्यांच्यासमोर सीलबंद करून घ्यावा. भर समुद्रात तवंग दिसल्यास तटरक्षक दलाला कळवावे.

४. जाळे धुण्यापूर्वी त्याचा पंचनामा करून घ्यावा. धुतलेले जाळे काही सिद्ध करीत नाही.

५. अंगाला लागलेले डांबर खोबरेल किंवा खाण्याच्या तेलाने चोळून, फडक्याने पुसून साबणाने धुवावे. रॉकेल, पेट्रोल लावू नये. अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना दाखवावे.

६. तेलाचा वास येणारी मासळी खाऊ नये, विकूही नये. डांबर लागलेले समुद्रशेवाळ माडाच्या आळ्यात खत म्हणून घालू नये.

गोळे किनाऱ्यावर लागले की थोड्याच दिवसांत ते वाळूखाली जातात किंवा साफ केले जातात, आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. म्हणून किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत एक-दोन जाणत्या तरुणांनी झाकणाच्या काचेच्या चार बाटल्या पावसाळ्यापूर्वीच धुऊन, वाळवून ठेवाव्यात.