वारुळातली शेती

वारूळ म्हटलं की आपल्याला नाग आठवतो. बंगळूरमध्ये नागपंचमीला वारुळावर दूध ओततात, गोव्यात सांतेरी देवी वारुळाच्याच, म्हणजे रोयणीच्या, रूपात पुजली जाते. खरं तर नाग तिथला उपरा. घर वाळवीचं, आणि तिने ते बांधलेलं असतं मुख्यतः एका बुरशीसाठी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात ओडोन्टोटर्मिस ओबेसस या वाळवीची वारुळं आहेत. ही वाळवी लाकूड नि पाचोळा गिळते, अर्धवट पचलेल्या विष्ठेचे पोळे रचते आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन फोडणं फार थोड्या जीवांना जमतं. ते काम बुरशी करते, आणि मऊ झालेलं पोळं वाळवी खाते. कुजणं म्हणजे नासाडी, ही आपली समजूत इथे उलटी पडते. इथे कुजणं म्हणजे स्वयंपाक आहे.

यावर कुणी म्हणेल, लाकूड पचवणारी वाळवी बुरशीविनाही असते. असते, तिच्या आतड्यातले सूक्ष्मजीव ते काम करतात. पण ओबेससच्या कुळाने आतड्यातले ते आदिजीव गमावले आहेत. तिचं अर्धं पोट शरीराबाहेर, या पोळ्यात आहे. म्हणून तिला राखणही करावी लागते. विज्ञान संस्थेतल्या ‘सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये रेने बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी ही राखण तपासली. पोळ्यावर स्यूडोझायलेरिया ही तणबुरशी दिसली की वाळवी तिच्यावर मातीचे गोळे थापते. पुरलेल्या जागी प्राणवायू घटतो आणि तण खुरटतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे काम एक साधी गोष्ट दाखवतं: बुरशी सरसकट चांगली वा वाईट नसते, कोणती कुठे वाढते यावर सगळं ठरतं.

शेतकऱ्याचा आक्षेप अधिक जोरदार आहे. नाचणीचा करपा, कॉफीचा तांबेरा हे बुरशीचेच प्रताप, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आरोपपत्रातली काही नावं चुकीची आहेत. लेस्ली कोलमन १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सेवेत आले आणि सुपारीच्या कोळेरोगामागे लागले. हे कानडी नाव कोकणातल्या बागायतदारांनाही ठाऊक आहे, आणि त्यावरची मोरचूद-चुन्याची फवारणीही. हा रोग घडवणारा, त्या काळी बुरशी समजला गेलेला फायटोफ्थोरा आज बुरशीत मोजत नाहीत. तो शैवालांचा जवळचा. उलट जमिनीत मुळांशी गुंतलेली बुरशी पिकाला स्फुरद पुरवते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बाग्यराज यांनी कित्येक वर्षं याच मायकोरायझावर काम केलं. तांबड्या मातीत स्फुरद लोहाला चिकटून बसतो आणि मुळांच्या हाती सहज लागत नाही, तिथे हे बारीक तंतू मुळांच्या पल्ल्याबाहेर पोहोचतात.

शहराला या व्यवहारासाठी जागा नकोशी झाली आहे. पर्जन्यवृक्षाखालचा पाचोळा झाडून जाळला जातो, बुंध्याला काँक्रीट लागतं. तुंबलेली गटारं आणि डास ही कारणं खोटी नाहीत, पण त्यासाठी पाचोळा रस्त्यावरून उचलावा, बागेतून कशाला? वारुळांचंही तेच. घराच्या चौकटी वाळवीपासून वाचवायलाच हव्यात. मैदानातल्या वारुळात विष ओतणं वेगळं. तिथली वाळवी मेली की राखण संपते, आणि थोड्याच दिवसांत स्यूडोझायलेरिया सगळं पोळं व्यापते.