गेली बॅटरी कुणीकडे?

लॅपटॉपमध्ये बॅटरी आहे, अडॅप्टर लागलाय, पण विंडोज म्हणतंय बॅटरीच नाही! नवी बॅटरी मागवण्याआधी जरा थांबा. बिघाड नेमका कुठे आहे, ते घरबसल्या बरंचसं कळू शकतं...

घरात माणूस बसलेला आणि दारावर ‘कोणी नाही’ अशी पाटी, तसला हा प्रकार. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हावर लाल फुली येते. माउस नेला की मेसेज, ‘नो बॅटरी इज डिटेक्टेड’. कालपर्यंत मांडीवर, कॅफेत, शिवनेरीत कुठेही चालणारा लॅपटॉप एकदम भिंतीला बांधला जातो. अडॅप्टरची पिन जरा हलली की खेळ खल्लास! सेव्ह न केलेली एक्सेल शीट, अर्धा लिहिलेला मेल, क्लायंटचा कॉल, सगळं एका झटक्यात गुल.

माझ्या साडेतीन वर्षांच्या लॅपटॉपने हे नाटक ऐन डेडलाइनच्या आठवड्यात सुरू केलं. आमची एजन्सी छोटी, लॅपटॉप ज्याचा त्याने आणायचा. त्यात माझा घरून काम करायचा दिवस नेमका गुरुवार. पुणेकरांना वेगळं सांगायला नको, दुरुस्तीसाठी लाइट जायचा हा ठरलेला वार! त्यामुळे बॅटरी ही माझ्यासाठी चैन नव्हती, पगाराशी बांधलेली गोष्ट होती.

सल्ले मात्र लगेच आले. एक कलीग म्हणाला, “फॉरमॅट मार गं.” दुसरी म्हणाली, “ऑनलाइन मागव, स्वस्तात मिळते.” घराजवळच्या दुकानदाराने तर स्क्रूसुद्धा न उघडता निकाल दिला, “मदरबोर्ड गेला मॅडम, आता नवाच बघा.” तीन माणसं, तीन औषधं. आजार कोणता, हे कुणी तपासलंच नव्हतं.

बॅटरीसुद्धा बोलते!

बॅटरी म्हणजे नुसता विजेचा डबा, असा आपला समज असतो. पण तिच्यात छोटासा मेंदूही असतो. आत दोन ते चार लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल साधारण ३.६ ते ३.८ व्होल्टचा, म्हणून लेबलवर ७.६, ११.१ किंवा १४.८ असे आकडे दिसतात. सोबतच्या सर्किटमधली चिप किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशेब ठेवते आणि तापमानावर नजर ठेवते.

कनेक्टरमधल्या काही तारा वीज नेतात आणि काही चक्क बोलतात. या बोलण्याची एसएमबस नावाची पद्धत इंटेल आणि ड्युरासेल या कंपन्यांनी १९९० च्या दशकात मिळून आखली. मदरबोर्डवरचा कंट्रोलर सारखा विचारत असतो, ‘आहेस ना? किती भरलीस? तापलीस का?’ उत्तर आलं की ते विंडोजपर्यंत पोहोचतं. ‘डिटेक्ट होत नाही’ याचा अर्थ इतकाच, की उत्तर आलं नाही किंवा वाटेत हरवलं. कंट्रोलर अडकला असेल, विंडोजचा ड्रायव्हर रुसला असेल, कनेक्टर सैल असेल, बॅटरी मुकी झाली असेल, नाहीतर मदरबोर्डमध्ये लोचा असेल. पहिली दोन दुखणी फुकटात बरी होतात, शेवटचं खिसा कापतं. म्हणून सुरुवात फुकटातल्यापासून!

सगळ्यात आधी, फुगलीय का?

लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय? टचपॅड वर आलंय? झाकण नीट मिटत नाही? मग बॅटरी फुगलेली असू शकते. इथे पुढचे सगळे प्रयोग बंद. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग काढा आणि थेट जाणकार माणसाकडे न्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. लिथियम बॅटरी चिडली तर काय होतं, ते जगाने बघितलंय. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत बोलावल्या होत्या, आगीच्या धोक्यामुळे.

तीस सेकंदांचा उपाय

फुगवटा नसेल तर काम सेव्ह करून लॅपटॉप पूर्ण शटडाउन करा. स्लीप नको. अडॅप्टर, माउस, पेन ड्राइव्ह, सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. आता पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज निघून जाते आणि अडकलेला कंट्रोलर नव्याने सुरू होतो. बॅटरी आतच बसवलेली असेल तर काही मॉडेलच्या तळाशी रीसेटसाठी पिनेएवढं भोक असतं. तुमच्या मॉडेलला ते आहे का, हे कंपनीच्या साइटवर बघून घ्या. पुन्हा सगळं जोडून सुरू करा. लाल फुली गेली? चला, पार्टी!

नाही गेली? मग बायॉसला विचारा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच लोक गाळतात. लॅपटॉप सुरू होताना एफ २, एफ १० किंवा डिलीट (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) दाबत राहा. निळा-काळा पडदा येईल. बऱ्याच लॅपटॉपमध्ये इथे बॅटरीची माहिती असते. हा पडदा विंडोजच्या आधीचा आहे. म्हणजे बायॉसला बॅटरी दिसतेय आणि विंडोजला दिसत नाही, तर घोळ सॉफ्टवेअरचा. बायॉसलाही दिसत नसेल, तर विंडोज दहा वेळा टाकलं तरी उपयोग शून्य. फॉरमॅटचे पैसे आणि एक अख्खा रविवार इथेच वाचतो!

घोळ विंडोजचा असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. बॅटरीजखाली ‘मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ असं लांबलचक नाव दिसेल. त्यावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. घाबरू नका, विंडोज तो ड्रायव्हर स्वतःच परत टाकतं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. ‘बायॉस अपडेट कर’ हा सल्ला हमखास मिळतो. पण बॅटरी चालत नसताना मध्येच लाइट गेली तर अपडेट अर्धवट राहून मदरबोर्ड खरोखरच कामातून जाऊ शकतो. यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

माझं काय निघालं?

माझ्या बायॉसमध्येही बॅटरी गायब होती. म्हणजे फॉरमॅट बाद. लॅपटॉप टेबलावर तसा सपाटच बसत होता, पण वॉरंटी संपलेली. मग गाठली बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात मी म्हटलं, “दादा, आधी दुसरी चालू बॅटरी लावून दाखवता का?” त्याने मान वर करून बघितलं आणि हसला. “ताई, असं विचारणारं गिऱ्हाईक रोज मिळत नाही.”

त्याने खालचं झाकण उघडलं, त्याच मॉडेलची चालू बॅटरी लावली. लाल फुली गायब, चार्जिंग सुरू! म्हणजे मदरबोर्ड ठणठणीत. मग माझी जुनी बॅटरी आडवी धरून दाखवली. मधला सेल किंचित फुगला होता. बाहेरून कळणारही नाही इतका, पण सर्किटवर ताण येण्याइतका. “हिला परत चार्जिंग लावू नका ताई. हिचा प्रवास संपला.” नव्या लॅपटॉपचा खर्च टळला, आणि मांडीवर रोज काय घेऊन बसत होते, तेही कळलं.

काउंटरवर विचारायचे प्रश्न

‘चालू बॅटरी लावून बघितली का?’ हा पहिला. तिच्यावर लॅपटॉप चालला तर दोष बॅटरीचा, नाही चालला तर कनेक्टर किंवा मदरबोर्डचा. दुसरा, ‘लेबलवर बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का?’ भारतात लिथियम बॅटरीला हे सक्तीचं आहे. तिसरा, ‘व्होल्ट आणि मॉडेल नंबर जुळतोय ना?’ काही कंपन्यांचे लॅपटॉप परकी बॅटरी ओळखतच नाहीत, मग पुन्हा तोच मेसेज!

कुणी ‘बाहेरून करंट देऊन जुनीच जिवंत करतो’ म्हणालं तर हात जोडा. महिनोन्‌महिने कपाटात पडून पूर्ण उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. सुरक्षेचं सर्किट अशा बॅटरीला मुद्दाम बंद करतं, त्यामागे कारण आहे.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा केंद्रात द्या.

नव्या बॅटरीचे लाड कसे करायचे? उन्हात तापलेल्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, उशीवर ठेवून त्याचा श्वास कोंडू नका. दिवसभर प्लगवरच असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा मिळते का, ते बघा. आणि अधूनमधून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. नवी असताना बॅटरी किती साठवायची आणि आता किती साठवते, हे आकडे समोर येतात. दोन्हींतलं अंतर वाढायला लागलं, की नव्या बॅटरीसाठी पैसे बाजूला काढायला सुरुवात करा. डेडलाइनच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा हे बरं, नाही का?