अतिथी कोण?

श्रावणातली अमावास्या म्हणजे पिठोरी. पुष्कळ गावांत त्याच दिवशी पोळा असतो, म्हणून बैलांच्या वाजंत्रीत हे बायकांचे व्रत जरा मागे पडते. चौसष्ट योगिनींची पूजा करायची, खीरपुरीचे वाण करायचे. मग आईने ते खांद्यावरून मागे धरायचे आणि वळून न पाहता विचारायचे, "अतिथी कोण?" मागे उभ्या असलेल्या मुलाने "मी!" म्हणून ते घ्यायचे. विधी एवढासाच.

त्यामागची कहाणी मात्र काळीज कापणारी आहे. एका सुनेचे मूल दरसाल याच दिवशी, घरात श्राद्धाची पाने वाढण्याच्या वेळी, जन्मते आणि दगावते. सातव्या वर्षी सासरा ते मेलेले मूल तिच्या ओटीत घालून तिला रानात हाकलून देतो. तिथे रात्री देवकन्या, नागकन्या पूजेला येतात आणि नैवेद्य दाखवून अतिथी कोण म्हणून विचारतात. बेलाच्या झाडावर लपलेली ती सांगते, "मी आहे." आणि तिची सारी मुले तिला परत मिळतात.

या कहाण्यांना आपण भाबड्या म्हणून हसतो. पण बाळंतिणीच्या खोलीतून मूल हातीपायी धड बाहेर येईल की नाही, याची खात्री ज्या काळी कुणालाच नव्हती, त्या काळातल्या बायकांनी ती रचली आणि ऐकली. आनंदीबाई जोशींचे बाळ अवघे दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातूनच त्यांनी डॉक्टर व्हायचे मनावर घेतले आणि १८८६ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाला, पदवी मिळवली. सगळ्यांनाच असा मार्ग कुठून सापडणार? बाकीच्यांना खीरपुरीचे वाण होते.

माझ्या आईचे पहिले मूल, आमची थोरली ताई, दीड वर्षाची होऊन तापाने गेली. घरात तिचे नाव निघत नसे. आम्ही भावंडे तीन. पण पिठोरीला आई खिरीच्या वाट्या चार काढी. तिघांचे झाले की चौथी वाटी मागे धरून ती नुसतीच उभी राही. विचारीत काही नसे.

एका वर्षी धाकट्या भावाने, खिरीच्या लोभानेच असेल, मागून पुन्हा "मी!" म्हणून आरोळी ठोकली. आम्हां मोठ्यांच्या पोटात गोळा आला. आई वळली, त्याच्याकडे पाहिले आणि हसली. त्या रात्री तिने आम्हांला ताईचे नाव प्रथम सांगितले. ती कशी रांगे, आमटीतला गूळ कसा शोधी, तेही सांगितले. पुढच्या वर्षापासून चौथे वाण वरच्या बिऱ्हाडातल्या नाहीतर दूधवाल्याच्या पोराला मिळू लागले. तरी माझ्या लग्नात चुडा भरताना आईने कासाराकडून दोन बांगड्या जास्तीच्या मागून घेतल्या. कुणासाठी, ते मी विचारले नाही.

आई गेल्यावरच्या पहिल्या पिठोरीला तोच भाऊ, आता चाळिशीला आलेला, कचेरीतून परस्पर माझ्या घरी आला आणि माझ्या मुलांच्या मागे शेवटी उभा राहिला. मी विचारले, "अतिथी कोण?" "मी" म्हणताना त्याचा आवाज फाटला. खीर मात्र त्याने वाटी निपटून खाल्ली.

काही घरांत "अतीत कोण?" असे विचारतात. जुन्या मराठीत अतीत म्हणजे दारी आलेला पाहुणा. अतीत-अभ्यागत हा जोडशब्द आपण अजून ऐकतो. आणि होऊन गेलेल्या काळालाही आपण अतीतच म्हणतो. वर्गात हे सांगताना मला दर वेळी त्या चौथ्या वाटीची आठवण होते.

आता दिवाळी आली. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरी यंदा दुखवटा असेल. तिथे कढई चढणार नाही, कंदीलही लागणार नाही. फराळाचे पहिले ताट त्या घरी जाऊ द्या. आणि जमले तर घटकाभर बसा. गेलेल्या माणसाचे नाव त्यांनी काढले, तर विषय बदलू नका.