अंबत्तूरच्या फळ्यावरचा सप्टेंबर

चेन्नईहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळी जी गर्दी असते, तिच्यातला मोठा हिस्सा कोरट्टूर, पट्टरवाक्कम आणि अंबत्तूर या तीन स्थानकांवर उतरून जातो. सायकलींचा कारखाना, टायरचा कारखाना आणि १९६४ मध्ये उभी राहिलेली औद्योगिक वसाहत यांच्यामुळे अंबत्तूरला कामगारांचे गाव अशी ओळख मिळाली. आता लेथ यंत्रांच्या शेडना लागून माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि तयार कपड्यांचे कारखानेही आहेत. २०११ मध्ये येथील नगरपालिका चेन्नई महापालिकेत विलीन झाली. गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस मी तेथे गेलो होतो तो उद्योगांविषयी माहिती घेण्यासाठी. दुपारी पाऊस आला म्हणून आडोशाला एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत शिरलो आणि दोन तास तेथेच रमलो.

दाराशी एक काळा फळा होता. त्यावर खडूने सप्टेंबर महिन्याचे दिनविशेष लिहिलेले होते आणि प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी ग्रंथालयात काय होणार याची नोंद होती. कुठे मुलांची वक्तृत्व स्पर्धा, कुठे पुस्तकांची मांडणी, तर कुठे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी सराव चाचणी. मला तमिळ अडखळत वाचता येते. ग्रंथपाल बाईंनी उरलेले समजावून सांगितले.

मराठी माणसाने हा फळा वाचावा असे मला वाटले. ५ सप्टेंबर हा आपल्याकडे केवळ शिक्षक दिन. तेथे तो व. उ. चिदंबरम पिळ्ळै यांचा जन्मदिनही आहे. तुतिकोरिनहून ब्रिटिशांच्या स्पर्धेत स्वदेशी जहाजे चालवणारा हा वकील लोकमान्यांचा अनुयायी. जुलै १९०८ या एकाच महिन्यात दक्षिणेत त्यांना आणि मुंबईत टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाल्या. ११ सप्टेंबर हा सुब्रह्मण्य भारतींचा स्मृतिदिन. १५ सप्टेंबर हा अण्णादुराईंचा जन्मदिन आणि विश्वेश्वरय्यांच्या स्मरणार्थ अभियंता दिनही. त्या दिवशी वसाहतीतल्या एका निवृत्त कारागिराने मुलांना सूक्ष्ममापन म्हणजे काय हे हातात व्हर्नियर देऊन शिकवले, असे बाईंनी कौतुकाने सांगितले. १७ सप्टेंबर हा पेरियार यांचा जन्मदिन. राज्य सरकार २०२१ पासून तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. त्याच तारखेला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. एका तारखेचे दोन प्रदेशांत असे वेगळे अर्थ असतात आणि ते एकमेकांच्या गावीही नसतात. सप्टेंबरमध्येच, २४ तारखेला, तंजावरच्या सरफोजीराजांचा जन्म झाला. त्यांनी वाढवलेल्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जपलेली आहेत. फळ्यावर मात्र ती तारीख कोरी होती. मी ते बोलून दाखवल्यावर बाई किंचित ओशाळल्या. खरे तर ओशाळायचे असेल तर ते आपण.

दिनविशेषांचा हा फळा पाहून एखाद्याला ते सरकारी परिपत्रकाचे पालन वाटेल. काही अंशी ते तसे आहेही. परंतु हा फळा ज्या व्यवस्थेवर टांगलेला आहे ती समजून घेण्यासारखी आहे. मद्रास विद्यापीठाने १९२४ मध्ये शियाळी गावच्या एका गणिताच्या प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमले. सुरुवातीला त्या पदाला कंटाळलेले हे गृहस्थ म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. पुढे त्यांनी ग्रंथालयशास्त्र तर घडवलेच, शिवाय ग्रंथालयांसाठी कायदा हवा म्हणून दोन दशके पाठपुरावा केला. त्याला १९४८ मध्ये यश आले. मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा हा स्वतंत्र भारतातला असा पहिला कायदा. ‘स्वतंत्र भारतातला’ हे विशेषण मी मुद्दाम वापरतो, कारण त्याआधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता. हा मान आपला आहे, पण तो आपण फारसा मिरवत नाही.

मद्रासच्या कायद्याचे मर्म ग्रंथालय उपकरात आहे. मालमत्ता करासोबत तो वसूल होतो. आरंभी नाममात्र असलेला हा उपकर आज मालमत्ता कराच्या दहा टक्के आहे. स्थानिक संस्थेने तो गोळा करायचा आणि जिल्ह्याच्या ग्रंथालय प्राधिकरणाकडे सोपवायचा. राज्यातली साडेचार हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये मुख्यतः या पैशावर उभी आहेत. कर्नाटक, आंध्र आणि केरळ यांनीही उपकराचा मार्ग धरला. गोव्याच्या १९९३ च्या कायद्याने तर तो मद्यावर बसवला. तेथे पिणाऱ्यांनी वाचणाऱ्यांची सोय केली आहे असे गमतीने म्हणता येईल.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, पण उपकर लावला नाही. आपली सुमारे बारा हजार ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली असून ती स्थानिक संस्था चालवतात आणि शासन अनुदान देते. या रचनेत लोकसहभागाचे सौंदर्य आहे हे मी नाकारत नाही. शंभर-दीडशे वर्षांची नगर वाचनालये त्यातूनच टिकली. परंतु अनुदान ही शासनाच्या मर्जीची गोष्ट असते. २०१२ मधील वाढीनंतर पुढच्या वाढीसाठी या ग्रंथालयांना एक दशक वाट पाहावी लागली. दरम्यान पुस्तकांच्या किमती आणि कर्मचाऱ्यांचा घरखर्च थांबून राहिला नव्हता.

तमिळनाडूतही सारे आलबेल नाही. लोकांनी भरलेला उपकर ग्रंथालयांकडे वळता करण्यात स्थानिक संस्था दिरंगाई करतात, ही तेथली जुनी तक्रार आहे. एकीकडे कोट्टूरपुरमचे अण्णा शताब्दी ग्रंथालय किंवा २०२३ मध्ये मदुराईत उघडलेले कलैञर शताब्दी ग्रंथालय यांसारख्या भव्य वास्तू, तर दुसरीकडे शाखेत गळके छत, हे चित्र दिसते. भव्य वास्तूंनाही राजकारण चुकत नाही. अण्णा शताब्दी ग्रंथालय २०१० मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सत्तापालटानंतर तेथे बालरुग्णालय करण्याचा निर्णय झाला. लोक न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाने तो रोखला, म्हणून ते ग्रंथालय आज आहे.

त्या दुपारी मला जास्त अस्वस्थ केले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. वाचनकक्ष भरलेला होता. बहुतेक तरुण-तरुणी राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करत होते. घरी टेबल नाही, शांतता नाही, म्हणून सकाळपासून येथे बसलेले. दाराजवळच्या बाकावर दोन मुलगे भ्रमणध्वनीवर मान खाली घालून बसले होते. एक ओडिशाचा, दुसरा बिहारचा. दोघे वसाहतीत पत्रे कापण्याच्या कामावर आहेत आणि रात्रपाळी करून आले होते. पंखा आणि पिण्याचे पाणी आहे म्हणून येतो, असे त्यांनी हिंदीत प्रांजळपणे सांगितले. त्या शाखेत हिंदी पुस्तकांची अर्धी फळी होती, तीही शाळेच्या अभ्यासक्रमाची. उडिया काहीच नव्हते. पुस्तक घरी न्यायचे तर पत्त्याचा पुरावा हवा, आणि सहाजण मिळून राहत असलेल्या खोलीचा भाडेकरार ठेकेदाराच्या नावावर.

येथे एक हिशेब मांडायला हवा. मालमत्ता कर घरमालक भरतो, पण तो भाड्यातूनच वसूल करतो. म्हणजे त्या खोलीतला प्रत्येकजण ग्रंथालय उपकर भरतोच. ज्याच्या पैशातून पुस्तके येतात त्याच्या भाषेतले एकही पुस्तक तेथे नसावे, हा प्रश्न भाषिक अस्मितेचा नाही, साध्या न्याय्य वाट्याचा आहे. पुण्याच्या चाकणमध्ये किंवा नाशिकच्या सातपूरमध्ये हाच प्रश्न विचारता येईल. प्राधिकरणाने ठरवले तर उपकरातला थोडा भाग औद्योगिक भागांतील शाखांच्या परभाषी खरेदीसाठी राखून ठेवणे अवघड नाही. पत्त्याच्या पुराव्याऐवजी कारखान्याचे ओळखपत्र स्वीकारायला तर पैसाही लागत नाही. बाईंना हे पटत होते. पण खरेदीची यादी वरून येते, असे त्या म्हणाल्या.

पाऊस थांबला तेव्हा त्या ऑक्टोबरचा फळा लिहायला घेत होत्या. १५ ऑक्टोबर, अब्दुल कलाम यांचा जन्मदिन. मी त्यांना सांगितले की महाराष्ट्रात हा दिवस २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. रामेश्वरमच्या मुलाच्या नावाने मराठी मुले वाचतात हे ऐकून त्यांना फार आनंद झाला आणि त्यांनी तारखेखाली तशी एक ओळ लिहिली. मग खडू हातात धरूनच त्यांनी विचारले, ‘‘सार, त्या दिवशी तुमच्याकडे नवी पुस्तके मिळतात का?’’

मी म्हणालो, ‘‘कार्यक्रमाचे छायाचित्र पाठवावे लागते.’’

‘‘आम्हालाही,’’ असे म्हणून त्या हसल्या आणि पुढची तारीख लिहू लागल्या.